आयर्विनच्या फुटांत आखलेलं नाट्यगृह

नव्या नाट्यगृहाच्या समितीच्या बैठकीत नानांनी मोबाइल पुढे केला. हमरस्त्यावरच्या कुठल्याशा हॉटेलचा फोटो होता. फायबरच्या महिरपी, त्यांना सागवानाचा रंग, दारात दोन पुरुषभर समया आणि भिंतीला दगडासारखा दिसणारा वॉलपेपर. “असं काहीतरी करा की. जुन्या गावात शोभलं पाहिजे.” भडंगाची प्लेट फिरत होती. चौघांनी माना डोलावल्या.

मी या कामाची वास्तुविशारद, आणि सांगलीचीच. लहानपण खणभागात गेलं. आता ऑफिस विश्रामबागेत आहे, त्यामुळे गावभागातल्या, म्हणजे जुन्या सांगलीतल्या, लोकांच्या लेखी मी निम्मी बाहेरची. पण इथले वाडे मी आतून मोजलेत, काही पडताना पाहिलेत, आणि त्यांत महिरपी फार थोड्या होत्या. १८०१ मध्ये सांगली मिरजेपासून वेगळी झाली, चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी गणेशदुर्ग बांधला, नदीकाठी गणपतीचं मंदिर उभं केलं, आणि त्या आधारानं माणसं येऊन राहिली. साधी माणसं, साधी घरं. खाली घडीव दगडाचं जोतं, त्यावर मातीत बांधलेल्या विटा, आत सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, माथ्यावर कडीपाट नाहीतर कौलं. रस्त्याकडून पाहिलं तर एक दार, दोन खिडक्या आणि दारालगत कट्टा. गावभागाचं सगळं सौंदर्य त्या कट्ट्यावर बसलेलं असायचं.

तर काम असं आहे. गावभागातल्या एका बोळात एक वाडा होता. २०१९ च्या पुरात आठवडाभर भिजला, पाणी उतरल्यावर मागची भिंत बसली, पुढच्या पावसाळ्यात उरलेलं खाली आलं. मालकांची मुलं पुण्यात आणि परदेशात. त्यांनी बिल्डरला न देता जागा एका छोट्या विश्वस्त संस्थेला दिली. अट एकच, तिथं गाण्या-नाटकाचं काहीतरी व्हावं. संस्थेला हवं होतं दीडशेच्या आतलं नाट्यगृह, तालमीची खोली, जुन्या नाटकवाल्यांचे कागद-फोटो ठेवायला जागा आणि “पोरांना बसायला कुठंतरी”. हे शेवटचं वाक्य यादीत नव्हतं. बैठक संपल्यावर चप्पल घालता घालता एकजण बोलले. मला ते यादीपेक्षा महत्त्वाचं वाटलं.

दीडशेच्या आतलं का, असं मला बरेचजण विचारतात. सांगलीत मोठी नाट्यगृहं आहेत. भावे नाट्यमंदिर आहे, दीनानाथ आहे, मिरजेला बालगंधर्व आहे. पण शंभर माणसांसमोर काही करून बघायचं असेल तर जागा नाही. पुण्यात शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच बघा, मुंबईत जुहूचं पृथ्वी बघा. १९७८ मध्ये सुरू झालेल्या पृथ्वीत दोनशेच्या आसपासच खुर्च्या आहेत, आणि मराठी, हिंदी, गुजराती नाटकवाल्यांच्या कितीतरी पिढ्या तिथं घडल्या. ज्या गावात ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी आप्पासाहेबांपुढे ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, त्या गावात पोरांनी तालमीसाठी लग्नाचे हॉल भाड्यानं घ्यावेत, हे मला तरी बरं दिसत नाही.

पण खरा विषय पाण्याचा होता.

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न येतो, “आयर्विनला किती झालं?” १९२९ मध्ये खुला झालेला कृष्णेवरचा हा आयर्विन पूल म्हणजे आमची मोजपट्टी. ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं तेव्हा लोक म्हणाले, असा पूर आता जन्मात होणे नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ च्या वर गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा ५५ च्या घरात. दोष कोयनेच्या धरणाचा की अलमट्टीच्या, हा वाद चहाच्या टपरीवर दरवर्षी नव्यानं निकाली निघतो. मला त्यात पडायचं नव्हतं. मला एवढंच हवं होतं की आयर्विनला ५७ असताना आमच्या बोळात, आमच्या प्लॉटच्या दारात किती होतं.

सर्व्हेवाल्यानं दुर्बीण लावून लेव्हल काढल्या, नगररचनेच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा मिळाली. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. शंभर वर्षांचा पूर आपण सोळा वर्षांत किती वेळा पाहिला, हे गावभागात कुणाला विचारू नये. ही आकडेमोड टेबलावर चालू असताना आमचे मिस्त्री मला हाताला धरून शेजारच्या अर्धवट उभ्या भिंतीपाशी घेऊन गेले.

“बाई, तुमची ती लाल रेघ ऱ्हाऊ द्या. ह्यो कोनाडा बगा. ह्याच्या बुडापतुर आलतं.”

कोनाड्याच्या तळाशी खरंच गाळाची पिवळट रेघ होती. बोळात उभं राहिलं तर माझ्या गळ्याशी. तिच्या अडीच हात खाली दुसरी, फिकट. ती २००५ ची, असं मिस्त्री म्हणाले, आणि लेव्हल काढून पाहिली तर बसतही होतं.

२०२० ची राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली सांगते की निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधायचं तर लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर बांधा. म्हणजे दीड फूट. बहुतेक लोक हा नियम अडचण समजतात. जोतं तेवढं उचलतात, भराव घालतात, आणि गल्लीकडे सहा फुटांची कोरी भिंत येते. भिंतीवर पुढे राजकीय फलक आणि पानाच्या पिचकाऱ्या. शिवाय भरावानं ढकललेलं पाणी जातं कुठं? शेजारच्या घरात.

आम्ही भराव घालायचा नाही असं ठरवलं. सगळी इमारत गल्लीपासून ११ फुटांवर उचलली आणि खाली नुसते खांब ठेवले. पाणी येईल, फिरेल, जाईल. ब्राझीलमध्ये साओ पाउलोत लीना बो बार्दी नावाच्या वास्तुविशारद बाईनं १९६८ मध्ये पूर्ण झालेलं कलासंग्रहालय असंच जमिनीपासून आठ मीटर उचललंय, ७४ मीटरचा गाळा एकाही खांबाशिवाय. तिथं जागेवरून शहराचा देखावा दिसत राहिला पाहिजे अशी अट होती, म्हणून. खालच्या मोकळ्या जागेत पुढे बाजार भरले, मोर्चे निघाले. आमच्याकडे देखावा नाही आणि ७४ मीटरही नाहीत, पण खालची जागा गल्लीला सोडून द्यायची ही गोष्ट मला तिथूनच सुचली. कॉलेजात असताना त्या इमारतीचा छेद, म्हणजे उभी कापून दाखवणारं चित्र, मी कैक वेळा ट्रेस केला होता.

खांब कुठं लावायचे, याचं उत्तर जागेनंच दिलं. ढिगारा हलवल्यावर जुन्या वाड्याचे तळखडे जागच्या जागी सापडले, खांबाखालचे ते चौकोनी काळे दगड. दोन तळखड्यांमधलं अंतर, म्हणजे एक खण, साडेपाच फूट. आमच्याकडे घर खणांवरून सांगायची पद्धत होती, पाच खणी सोपा, सात खणी सोपा; सोपा म्हणजे पुढची ओसरी. मी दोन खणांचा एक गाळा धरला, ११ फूट. नव्या काँक्रीटच्या खांबांची रांग जुन्या तळखड्यांच्या रांगेवरच येते. बाहेरून बघणाऱ्याला हे कळणार नाही. पण शेजारच्या वाड्यांचं मापही तेच आहे, त्यामुळे नव्या इमारतीच्या खिडक्या, कट्टा, वळचण, सगळं बोळाच्या चालीत येतं. फोटोतल्या महिरपीनं ते आलं नसतं. तीन तळखडे मात्र पायासाठी उचलावे लागले. ते आता पहिल्या पायरीशी बसायला ठेवणार आहोत.

पायाचं सांगायचं तर कृष्णाकाठची काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वर बांधलेल्याला रोज थोडी थोडी हलवते. म्हणून खाली पक्का थर लागेपर्यंत पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, घेतले, तळाशी फुगीर असणारे. भोकं पाडायचं मोठं यंत्र, रिग, बोळात येईना, तेव्हा तिकाटण्यावर हातानं फिरवायचा गिरमिटासारखा ऑगर आणला. सहा माणसं, एक दोर आणि भरपूर शिव्या.

बोळाचं वळण हा या कामातला सगळ्यात कडक अधिकारी निघाला. तिथं छोटा हत्ती टेम्पो एकदाच वळतो आणि परत जाताना रिव्हर्स. काँक्रीटचा मिक्सर ट्रक येण्याचा प्रश्नच नव्हता. नाट्यगृहाचं छत सहा खणांचं, ३३ फूट. मध्ये खांब चालणार नाही, कारण खांबामागे बसलेल्या माणसाला नाटक दिसत नाही, आणि तो पैसे परत मागतो. ३३ फुटांची लोखंडी तुळई एकसंध आणली असती तर वळणावरच्या घराची खिडकी काढावी लागली असती. दोन तुकडे केले तर जोड मधोमध येतो, आणि तुळईवर सगळ्यात जास्त ताण तिथंच असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअर ऐकेचना. शेवटी तीन तुकडे. ११ फुटांचा एक, दोनशे किलोच्या आसपास, हातगाडीवर बसणारा आणि वळणारा. वर नेऊन प्लेटा आणि बोल्टनं जोडायचे. जोड झाकायचे नाहीत असं मी सांगितलंय. नानांना ते बोल्ट पाहून फारच वाईट वाटलं, “तुळया राहू देत, निदान खाली पीओपी तरी” असं म्हणाले. पीओपीला माझा विरोध या एका इमारतीपुरता नाही. २०१९ नंतर गावभागात रस्त्याच्या कडेला भिजलेल्या पीओपीचे आणि प्लायवुडचे ढीग मी पाहिलेत. पण वरच्या मजल्यावर पाणी येणार नाही हा नानांचा मुद्दाही बरोबर होता. तिथं मी कारण बदललं आणि आवाजाचं पुढे केलं. त्यावर येते.

आधी तळमजला. आमचं एक माप ठरलंय: जुलै-ऑगस्टात पाणी आलं, आठवडाभर राहिलं, तरी ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनाच्या दिवशी पडदा वर गेला पाहिजे. सगळे निर्णय या तारखेला विचारून घेतले. तळमजल्यावर लाकूड नाही, प्लाय नाही, जिप्सम नाही. शहाबादी फरशी, तीही बोळाकडे उतार देऊन, कारण पुराचं पाणी उतरताना गाळ मागे ठेवतं आणि तो ओला असतानाच धुतला तर जातो. वाळला की कुदळ लागते. म्हणून दोन ठिकाणी मोठ्या पाइपाचे नळ, टाकी वरच्या मजल्यावर. सिमेंटचा गिलावा नाही. सिमेंट भिंतीतलं पाणी आत कोंडून ठेवतं, मग वर्षभर लोणा फुटत राहतो, रंगाचे पापुद्रे निघतात. जिथं वीट आहे तिथं चुन्याचा गिलावा. तो श्वास घेतो, भिंत पोटातून सुकते. चुन्याचं काम करणारा माणूस शोधायला वाईपर्यंत जावं लागलं. विजेची एकही वायर खालून वर जात नाही, सगळ्या वरून लोंबतात आणि हाताच्या उंचीवर थांबतात. मीटर जिन्याच्या मधल्या टप्प्यावर. लिफ्टचं यंत्र माथ्यावर, आणि इशारापातळी ओलांडली की लिफ्ट वर नेऊन बंद करायची, हे रखवालदाराच्या कामाच्या कागदावर पहिल्या ओळीत.

लिफ्ट घेतली याचं मला फार कौतुक नाही. पण गणित साधं आहे. ११ फूट चढायला एकास बारा उताराचा रॅम्प १३२ फुटांचा होतो, मधले टप्पे वेगळे. तेवढा आमचा प्लॉटच नाही. आणि आमच्या प्रेक्षकांचं सरासरी वय बघता नुसत्या जिन्यावर भागणार नाही. तरी जिना मी मनासारखा रुंद काढलाय. सहा इंचांच्या बावीस पायऱ्या, मध्ये ऐसपैस टप्पा. संध्याकाळी तिथं दहा-बारा पोरं बसतील, खालच्या मोकळ्या गाळ्याकडे तोंड करून. खाली कुणी गाणं म्हटलं, कुणी एकपात्री केलं, तर जिना हाच प्रेक्षागार. तिकीट नाही, कुलूप नाही. बोळाच्या बाजूनं सलग कट्टा, बसताना पाय टेकतील असा, सव्वा फुटांचा. पाचव्या दिवशी संस्थानच्या गणपतीची मिरवणूक निघते तेव्हा बायका-पोरांना टेकायला जागा लागते. वर्षातून एक दिवस का होईना.

शेजारच्या काकूंनी या मोकळ्या गाळ्याचा ताबा आधीच घेतलाय. परवा गेले तर खांबांच्या मध्ये प्लास्टिकवर कुरडया वाळत होत्या. कंत्राटदार माझ्याकडे तक्रार घेऊन आला. मी म्हटलं, सावलीत वाळत नाहीत, त्यांना पुढच्या गाळ्यात सरकवा, तिथं दहा वाजेपर्यंत ऊन येतं.

काकूंच्या बाबतीत माझा एक हट्ट समितीनं कुरकुरत मान्य केला. त्यांच्या माजघराला उजेड येतो तो फक्त आमच्या प्लॉटच्या बाजूच्या दोन खिडक्यांतून. जुना वाडा तिथं एकमजली होता. आम्ही सामाईक भिंतीपर्यंत दोन मजले चढवले असते तर कायद्यानं बहुधा सुटलोही असतो, पण त्या घरात भर दुपारी दिवा लावावा लागला असता. म्हणून त्या बाजूनं एक खण, साडेपाच फूट, अख्ख्या उंचीभर मोकळा सोडला. काकूंनी त्याबद्दल आभार वगैरे मानले नाहीत. “नाटकं करा हो, पण दहानंतर आवाज नको,” एवढंच म्हणाल्या.

इथून आवाजाकडे.

भाव्यांचं नाटक म्हणजे सूत्रधारानं पदं गायची, पात्रांनी ऐन वेळी सुचेल ते बोलायचं, आणि राक्षस आला की ‘अलल्डुर्र’ अशी आरोळी ठोकून तलवारी नाचवायच्या. माइक नव्हते. मला खोली अशी हवी होती की माइकशिवाय शेवटच्या रांगेत हलकं वाक्य पोचेल, आणि राक्षस ओरडला तर काकूंच्या माजघरात पोचणार नाही. दुसरं सोपं आहे, फक्त महाग आहे. बाहेर नऊ इंचांची विटांची भिंत, मध्ये पोकळी, आत साडेचार इंचांची दुसरी भिंत, दोन्ही कुठंही एकमेकींना टेकायच्या नाहीत. दारं दोन, मध्ये छोटी खोली. मिस्त्रींना दोन भिंतींमध्ये विटेचा एकही तुकडा पडू द्यायचा नाही हे पटवायला वेळ लागला. त्यांच्या मते पोकळ भिंत म्हणजे उंदरांची सोय. त्यांचं म्हणणं खोटं नाही, तळाला आणि माथ्याला जाळी बसवली.

पहिलं अवघड. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की आवाज किती वेळ रेंगाळतो, यावर सगळं असतं. बोलण्यासाठी तो एक सेकंदाच्या आसपास असावा. गाण्याला थोडा जास्त चालतो, शोभतोही. आमच्या खोलीचं घनफळ साडेसातशे घनमीटर. हे रेंगाळणं मोजायच्या सबाइनच्या सूत्रात घालून पाहिलं तर एक सेकंद गाठायला जेवढं शोषण लागतं त्यातलं निम्मं १४० प्रेक्षक स्वतःच करतात, त्यांच्या कपड्यांनी आणि देहांनी. म्हणजे हाऊसफुल्ल असेल तर खोली उत्तम. आणि आपल्याकडे पावसात, सोमवारी, नवीन मुलांच्या प्रयोगाला तीस माणसं आली तर? तीच खोली घुमायला लागेल, शब्द एकमेकांवर पडतील. ज्या दिवशी कलाकाराला मदतीची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी खोली दगा देणार.

बाजारात याला तयार पॅनेल मिळतात, छानछोकीचे. आम्ही घोंगड्या घेतल्या. आटपाडी-जतकडच्या धनगरी, जाड, काळ्या. बाजूच्या भिंतींपासून वीतभर अंतरावर तारेवर टांगलेल्या, सरकवता येणाऱ्या. गर्दी असली की गुंडाळून ठेवायच्या, कमी माणसं असली की पसरायच्या. संगीत नाटक असेल तर पुन्हा गुंडाळायच्या. जाड लोकर आवाज चांगला पिते, मागे पोकळी ठेवली तर आणखी. कसर लागू नये म्हणून दर वर्षी उन्हात घालायच्या, त्यासाठी गच्चीत दांड्या. आगीच्या नियमासाठी त्यांवर प्रक्रिया करावी लागतेय आणि तिचा वास अजून जात नाहीये, हे खरं.

छतालाही हाच न्याय. सपाट, गुळगुळीत पीओपी म्हणजे आवाजाला आरसा; लोखंडी तुळया, त्यांवर उतरत्या लाकडी फळ्या, मध्ये खाचा असलं छत आवाज फोडून विखुरतं. नानांना मी हेच सांगितलं. फळ्या जुन्या वाड्याच्या कडीपाटातल्या आहेत. दीडशे वर्षं धुरानं काळे झालेले सागवान रंधा मारला की आतून मधासारखं निघालं, मिस्त्रीही थांबून बघत होते. वर जाड थर भरून मंगलोरी कौलं. नुसता पत्रा घातला असता तर आषाढात नाटक बंद ठेवावं लागलं असतं.

वाड्याचा मुख्य दरवाजाही वाचलाय. दिंडीसकट, म्हणजे मोठ्या दारातल्या छोट्या दारासकट, आणि पितळी कड्यांसकट. तो कुठं लावायचा यावर मोठी खडाजंगी झाली. सगळ्यांना तो खाली, रस्त्यावर हवा होता. खाली दरवाजाच नाही तर लावू कुठं? आणि खाली लावला तर पहिल्याच पुरात फुगणार, वाकणार. तो वर, जिना संपतो तिथं, नाट्यगृहाच्या तोंडाशी बसतोय. मोठं दार प्रयोगाआधी उघडायचं, उशिरा येणाऱ्यांनी दिंडीतून वाकून आत यायचं. उशिरा येणाऱ्याला वाकायला लागावं, ही कल्पना मात्र सगळ्यांना एकमुखानं आवडली.

कागदपत्रांची खोली अगदी माथ्यावर आहे. पुरात नगर वाचनालयातल्या पुस्तकांचा लगदा झालेला ज्यांनी पाहिलाय त्यांना याचं कारण सांगावं लागत नाही. पहिली पेटी आलीसुद्धा, एका जुन्या मंडळींच्या घरून. हस्तपत्रिका, प्रॉम्प्टिंगच्या वह्या, रंगाच्या डब्या, आणि का कोण जाणे, एक वीजबिल. गावभागात दुसरी मागणीही पुढे आलीय, की पाणी चढायला लागलं की बोळातल्या लोकांना पेट्या, कागद, शिलाई मशीन वर आणून ठेवू द्यावं. माणसांनी मात्र थांबायचं नाही, वेळेत गाव सोडायचं. यावर मी ठाम आहे, पुरात अडकलेली इमारत हा आसरा नव्हे. सामानाला हरकत नाही. त्यासाठी तालमीच्या खोलीत एक भिंतभर उघडी फडताळं केलीत. आणि दोन खांबांना, गल्लीपासून सात फुटांवर, लोखंडी कड्या बसवल्यात. होडी बांधायला. ड्रॉइंगवर ते पाहून कंत्राटदार हसला. तो मूळचा आटपाडीचा, त्याच्याकडे पाण्याचे टँकर येतात.

सध्याचं भांडण पडद्यामागच्या लोकांशी आहे. काकूंच्या उजेडासाठी सोडलेला खण आला रंगमंचाच्या डाव्या बाजूला, त्यामुळे डावी विंग फक्त चार फुटांची राहिली. उजवीकडे ११ आहेत. बापू, ज्यांनी उभा जन्म विंगेत वही धरून काढला, ते म्हणतात चार फुटांत प्रॉम्प्टर बसेल किंवा पात्र उभं राहील, दोन्ही होणार नाही; खण परत घ्या. मी म्हणते प्रॉम्प्टर उजवीकडे जाऊ दे. ते म्हणतात, प्रॉम्प्टर कुठं बसतो हे आता इंजिनिअर ठरवणार का. मी इंजिनिअर नाही हे सांगण्यात अर्थ नव्हता. भिंत गुरुवारी पुढच्या थराला जाणार होती, ती थांबवलीय. शनिवारी बापू स्वतः टेप घेऊन साइटवर येतायत, सोबत ढाल-तलवारीसकट एक राक्षस घेऊन. चार फुटांत तो वळतो का, ते बघायला.